किडनी पुन्हा ‘उगवते’ का? स्टेम सेलसाठी पैसे भरण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ५८ वर्षांचे, मधुमेहाला चौदा वर्षं झाली, क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा, किडनी उतरली की हा चढतो) २.६, लघवीतून किती प्रोटीन गळतं ते सांगणारा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ११००. एका क्लिनिकने सांगितलंय की कमरेच्या हाडातून त्यांच्याच स्टेम सेल काढून तीन वेळा शिरेतून देऊ, साडेचार लाख खर्च येईल आणि डायलिसिस टळेल. पुरावा म्हणून एका पेशंटचं क्रिएटिनिन महिन्याभरात ३.१ वरून २.५ वर आल्याचा रिपोर्ट दाखवला. तर हे करावं का, की ‘डुकराची किडनी’ किंवा ‘लॅबमधली किडनी’ येईपर्यंत थांबावं?

यातलं ‘करावं का’ याचं उत्तर सोपं आहे: पैसे भरू नका. पण ते का, हे कळल्याशिवाय उपयोग नाही, कारण पुढच्या वर्षी दुसरं कोणी ‘एक्झोसोम’ किंवा ‘पीआरपी’ असं नवं नाव घेऊन दारात उभं राहील. शिवाय तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. वडिलांच्या किडनीचा कोणता भाग कायमचा गेलाय, कोणता नुसता दबलाय आणि उरलेला किती वर्षं टिकवता येईल, हे आधी ठरवायला हवं.

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. माणसागणिक यात बराच फरक पडतो. एक नेफ्रॉन म्हणजे एक गाळणी आणि तिला जोडलेली लांब नलिका. हे नेफ्रॉन गर्भातच तयार होतात आणि गर्भारपणाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास ते काम संपतं. त्यानंतर माणसाच्या शरीरात नवा नेफ्रॉन तयार होत नाही. यकृताचा तुकडा कापला तर ते वाढून भरून येतं. एक किडनी काढल्यावर दुसरी आकाराने वाढते खरी, पण तिच्यातल्या नेफ्रॉनची संख्या तीच राहते.

मात्र नलिकेच्या पेशी स्वतःला दुरुस्त करू शकतात. डेंग्यू, लेप्टो, जोरदार जुलाब किंवा पेनकिलरनंतर अचानक बंद पडलेली किडनी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा लघवी करू लागते, ती याच जोरावर. मेलेल्या पेशी गळून जातात, शेजारच्या जिवंत पेशी पसरतात, विभागतात आणि उघडी पडलेली नलिका आतून पुन्हा झाकतात. म्हणजे निसर्गाची रिजनरेटिव्ह मेडिसिन, बिघडलेला अवयव पुन्हा घडवण्याची विद्या, किडनीत आहेच, फक्त ती अस्तर दुरुस्त करते, नवा नेफ्रॉन बांधत नाही. गाळणीभोवतीच्या पोडोसाइट नावाच्या पेशी तर जवळपास विभागतच नाहीत, आणि मधुमेहात मार बसतो तो नेमका त्यांनाच. त्या गळाल्या की गाळणीत व्रण होतो, नलिका सुकते आणि मधल्या जागेत फायब्रोसिस, म्हणजे व्रणाचा कडक पदार्थ, भरतो. अशा जागी पेशी सोडून नेफ्रॉन परत मिळत नाही. त्यासाठी गाळणी, तिच्यातल्या केशवाहिन्या, नलिकेचे चार-पाच वेगवेगळे भाग आणि लघवी बाहेर नेणारी जोडणी, सगळं एकाच वेळी आणि योग्य क्रमाने उभं राहायला हवं.

आता क्लिनिकच्या पद्धतीकडे येऊ. हाडातून काढलेल्या, चरबीतून वेगळ्या केलेल्या किंवा नाळेतून वाढवलेल्या मेसेन्कायमल पेशी (क्लिनिकं वापरतात तो स्टेम सेलचा प्रकार) शिरेतून दिल्या की त्यांचा पहिला थांबा फुप्फुस. पेशी आकाराने मोठ्या असतात, तिथल्या केशवाहिन्यांत अडकतात आणि बहुतेक काही दिवसांत नष्ट होतात. किडनीपर्यंत पोचून नेफ्रॉन होणाऱ्या पेशी, हे चित्र फक्त माहितीपत्रकात असतं. त्या पेशी सूज कमी करणारी आणि प्रतिकारशक्तीला शांत करणारी रसायनं सोडतात, हे खरं आहे आणि संशोधनही त्यावरच चालू आहे. पण मग ते एक प्रकारचं सूजविरोधी औषध झालं, आणि औषधाला जी परीक्षा द्यावी लागते ती त्यालाही द्यावी लागते.

ती परीक्षा झालेली आहे, निकाल मात्र संमिश्र आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर किडनीला इजा झालेल्या १५६ रुग्णांवर दात्याच्या मेसेन्कायमल पेशींची चाचणी झाली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. किडनी सावरायला लागणारा वेळ, डायलिसिसची गरज, मृत्यू, कशातच फरक दिसला नाही. आणि ही अचानक झालेली इजा होती, जिथे दुरुस्तीची शक्यता सगळ्यात जास्त असते. मधुमेही किडनीवर युरोपात झालेल्या नेफस्ट्रॉम चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. त्यात पेशी मिळालेल्या गटात किडनीची घसरण प्लासिबोपेक्षा (तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या डोसपेक्षा) हळू झाली. ही चांगली बातमी आहे, पण चाचणीत एकूण माणसं होती १६, त्यातल्या १२ जणांना पेशी मिळाल्या आणि ४ जणांना प्लासिबो. एवढ्यावरून मोठी चाचणी करायचं धाडस करता येतं, कोणाकडून साडेचार लाख घेता येत नाहीत. बरं, त्या १२ जणांमध्येही मिळालं ते ‘घसरण मंदावणं’. किडनी परत आली असं त्या संशोधकांनीही म्हटलेलं नाही.

तुम्हाला दाखवलेला ३.१ वरून २.५ चा रिपोर्ट बहुधा खराच असेल. प्रश्न तो आकडा कशाने उतरला हा आहे. अशा ठिकाणी पहिल्याच दिवशी बहुतेक ‘अॅलोपॅथीच्या जड गोळ्या’ बंद होतात, त्यात टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन ही रक्तदाबाची गोळी असते. या गोळ्या गाळणीतून बाहेर पडणारी रक्तवाहिनी सैल करतात, त्यामुळे गाळणीवरचा दाब उतरतो आणि क्रिएटिनिन थोडं वर राहतं. गोळी बंद केली की दाब पुन्हा चढतो, गाळणं वाढतं, क्रिएटिनिन उतरतं. पेशंट खूश, क्लिनिक खूश, आणि उरलेल्या गाळण्या वाढत्या दाबाखाली आणखी लवकर झिजतात. चार गड्यांचं काम एकट्याकडून करून घेतलं तर पहिला आठवडा माल जास्तच निघतो, तसं हे. त्यात मटण-मासे बंद, गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक बंद, सलाईनच्या दोन बाटल्या. या प्रत्येकाने क्रिएटिनिन थोडं थोडं खाली येतं. पेशंटचं वजन उतरलं असेल तर स्नायू कमी झाल्यानेही येतं, कारण क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं.

म्हणून त्यांच्याकडे एकच गोष्ट मागा: त्याच पेशंटचा उपचाराआधीचा आणि सहा महिन्यांनंतरचा लघवीतल्या अल्ब्युमिनचा रेशो, सोबत सिस्टॅटिन सी. सिस्टॅटिन सी ही किडनीचं काम मोजणारी दुसरी रक्ततपासणी, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. क्रिएटिनिन खाली आणि अल्ब्युमिन वर, असं चित्र असेल तर तो बिघाड आहे. बहुतेक ठिकाणी हे रिपोर्ट काढलेलेच नसतात.

‘स्वतःच्याच पेशी आहेत, फायदा नाही तर तोटाही नाही’ हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. ते चूक आहे. २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेलं एक प्रकरण बघा. ल्युपसने (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराने) किडनी खराब झालेल्या एका स्त्रीला थायलंडमधल्या खासगी क्लिनिकमध्ये तिच्याच स्टेम सेल थेट किडनीत टोचल्या गेल्या. तिथे रक्तवाहिन्या आणि रक्तपेशींच्या विचित्र गाठी वाढल्या, एक किडनी काढावी लागली आणि ती पुढे दगावली. काही ठिकाणी पेशी जांघेतून कॅथेटर घालून किडनीच्या धमनीत सोडतात. त्यासाठी कॉन्ट्रास्ट डाय, म्हणजे एक्स-रेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचायचा रंग, लागतो, जो वडिलांच्यासारख्या साधारण २८ टक्क्यांवर चालणाऱ्या किडनीला स्वतःच इजा करू शकतो, आणि मधुमेहाने कडक झालेल्या धमनीतून कोलेस्टेरॉलचे कण सुटून पुढे अडकू शकतात. पेशी लॅबमध्ये वाढवताना जंतुसंसर्ग झाला, किंवा गोठवलेल्या पेशी वितळवल्यावर निम्म्या मेलेल्याच निघाल्या, हेही होतं. ते तपासणारी यंत्रणा त्या इमारतीत आहे का, हे विचारा.

दात्याच्या किंवा नाळेच्या पेशी देणार असतील तर एक धोका कोणी सांगत नाही. परक्या पेशींमुळे रक्तात एचएलए-विरोधी अँटिबॉडी, म्हणजे दुसऱ्याच्या अवयवावर हल्ला करणारी प्रथिनं, तयार होऊ शकतात. उद्या आईची किंवा आत्याची किडनी बसवायची वेळ आली आणि क्रॉसमॅच (दात्याच्या पेशींशी रक्त जुळतं का याची तपासणी) पॉझिटिव्ह, म्हणजे न जुळणारा, आला तर चालून आलेला दाता हातचा जातो. विनाकारण रक्त चढवू नका असं आम्ही प्रत्यारोपणाच्या उमेदवारांना बजावतो, ते याच कारणाने.

कायद्याचं म्हणाल तर भारतात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं बोन मॅरो प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्ये करायचा. औषध नियंत्रकांनी मंजूर केलेलं मेसेन्कायमल पेशींचं उत्पादन आपल्याकडे आहे, बंगळुरूचं, पण ते पायाच्या रक्तपुरवठ्याच्या गंभीर आजारासाठी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी. किडनीसाठी नाही. क्लिनिकने ‘आमची ट्रायलच आहे’ म्हटलं तर सीटीआरआय, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. तो सीटीआरआय, वर्ष, महिना आणि पुढे सहा आकडे असा असतो. सीटीआरआयच्या साइटवर तो टाकून तीन रकाने बघा: औषध नियंत्रकांची मंजुरी, एथिक्स कमिटीची मंजुरी, आणि ज्या केंद्रांवर ट्रायल चालू आहे त्या यादीत हे क्लिनिक आहे का. खऱ्या ट्रायलमध्ये ट्रायलच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची जबाबदारी २०१९ च्या नियमांनी प्रायोजकावर आहे. पावती साडेचार लाखांची फाडली जात असेल तर ती ट्रायल नव्हे.

थांबून बघण्यासारखं खरं काम कुठे आहे, तेही सांगतो, कारण हे क्षेत्रच भंपक आहे असं नाही. अमेरिकेत मधुमेही रुग्णाच्याच किडनीचा बायोप्सीने तुकडा घेऊन त्यातल्या निवडक नलिका-पेशी वाढवायच्या आणि सुईने थेट किडनीच्या बाह्य थरात परत सोडायच्या, अशा उपचाराची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी चालू आहे. सध्याच्या पेशी-उपचारांत मला तरी हाच सगळ्यात गंभीर उमेदवार वाटतो. तिथेही उद्दिष्ट घसरण रोखण्याचं आहे.

लॅबमध्ये वाढवलेले ऑर्गेनॉइड, म्हणजे अवयवाचे बारीक नमुने, २०१५ पासून बरेच पुढे गेलेत. मेलबर्नच्या मेलिसा लिटल यांच्या गटाने मानवी स्टेम सेलपासून नेफ्रॉनसारख्या रचना असलेले किडनीचे गोळे बनवले. पण ते काही मिलिमीटरचे, गर्भातल्या कोवळ्या किडनीइतकेच प्रगत, आणि लघवी बाहेर जायला वाट नसलेले. औषधाचा विषारीपणा तपासायला आणि पॉलिसिस्टिकसारखे (किडनीत पाण्याच्या गाठी होणारे) आजार समजून घ्यायला त्यांचा मोठा उपयोग होतोय, रुग्णात बसवायला नाही. २०१३ मध्ये बोस्टनमध्ये हेराल्ड ऑट यांच्या गटाने उंदराच्या किडनीतल्या सगळ्या पेशी धुऊन काढल्या, उरलेल्या सांगाड्यात नव्या पेशी पेरल्या आणि ती किडनी उंदराला बसवली. लघवी झाली, पण अगदी प्राथमिक दर्जाची. निरोगी माणसाच्या किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. हे परत घेणं जमवणं हीच खरी अडचण आहे.

डुकराची किडनी ही रिजनरेटिव्ह नाही, पण तुम्ही विचारलंय म्हणून. मार्च २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ६९ जनुकीय बदल केलेल्या डुकराची किडनी रिचर्ड स्लेमन यांना बसवली. किडनी चालली, पण ते सुमारे दोन महिन्यांनी वारले. किडनी नाकारली गेल्याची चिन्हं सापडली नव्हती. नंतर त्याच हॉस्पिटलमधल्या दुसऱ्या रुग्णात, टिम अँड्र्यूज यांच्यात, अशी किडनी २७१ दिवस टिकली आणि मग काढावी लागली. आता रीतसर चाचण्या सुरू होत आहेत. वडिलांचं नियोजन याच्या भरवशावर करू नका.

आपल्याकडचं एक नाव मात्र या संदर्भात नेहमी चुकीचं घेतलं जातं. अहमदाबादच्या किडनी संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदींनी प्रत्यारोपणाबरोबर स्टेम सेल दिल्या, हे खरं. पण त्या बसवलेली किडनी शरीराने स्वीकारावी आणि गोळ्या कमी लागाव्यात म्हणून. जुनी किडनी दुरुस्त करणं हा त्यामागचा हेतू नव्हताच. कोणी त्यांचा दाखला दिला तर एवढं विचारा.

मग मधुमेही किडनी माणसात मागे फिरल्याचा काही पुरावा आहे का? आहे, आणि तो मला कुठल्याही सेल थेरपीपेक्षा जास्त बोलका वाटतो. टाइप १ मधुमेहाच्या ८ रुग्णांना फक्त स्वादुपिंड बसवलं, साखर पूर्ण नॉर्मल झाली, आणि त्यांच्या किडनीच्या बायोप्सी पाच आणि दहा वर्षांनी परत केल्या. हा अभ्यास १९९८ मध्ये आला. पाच वर्षांनी काहीच सुधारणा नव्हती. दहा वर्षांनी मात्र गाळण्यांतले मधुमेहाचे बदल बऱ्याच अंशी विरलेले होते. त्यांची किडनी वडिलांइतकी उतरलेली नव्हती, हे लक्षात ठेवा. पण यातून दिसतं की इजा थांबली तर किडनी आपला राडारोडा स्वतः उचलते, फक्त अतिशय सावकाश. इजा चालू ठेवून वरून पेशी ओतल्या तर त्यांना कामच मिळत नाही.

म्हणून वडिलांच्या बाबतीत क्रम असा. आधी मागच्या तीन-चार वर्षांचे सगळे क्रिएटिनिन रिपोर्ट तारखेनुसार एका कागदावर लिहा. ५८ व्या वर्षी २.६ म्हणजे ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज, ढोबळमानाने टक्क्यांसारखा) साधारण २८, किडनीच्या आजाराच्या पाचांतली चौथी पायरी. पण दोन वर्षांपूर्वी १.९ असेल तर गोष्ट वेगळी, आणि तीन महिन्यांपूर्वी १.४ असेल तर पूर्ण वेगळी. झपाट्याने चढलं असेल तर त्यातला काही भाग परत मिळू शकतो: प्रोस्टेटने तुंबलेली लघवी, पेनकिलर, जुलाब, किंवा कुणी दिलेलं भस्म. सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते ते मोजून घ्या. डोळ्याचा पडदा तपासा. पडदा अगदी स्वच्छ असेल किंवा लघवीत रक्तपेशी येत असतील तर हा आजार मधुमेहाचा नसेलही, मग बायोप्सीचा विचार करावा लागतो. मेम्ब्रेनस (गाळणीच्या पडद्याचा आजार) किंवा ल्युपससारखं काही निघालं तर त्यावर खरे उपचार आहेत.

मधुमेहाचंच निघालं तर गोळ्यांकडे बघा. टेल्मिसार्टन ४० वर वर्षानुवर्षं अडकलेले पेशंट फार असतात. रक्तदाब आणि पोटॅशियम परवानगी देत असतील तर ८० पर्यंत न्यायला हवी. वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं, क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर घाबरून बंद करायचं नाही. दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, दिवसाला १० मिलिग्रॅम. ईजीएफआर २० च्या वर असेल तर सुरू करता येते, म्हणजे वडिलांना अजून वेळ आहे, पण फार नाही. ४३०४ रुग्णांच्या डापा-सीकेडी चाचणीत, २०२० मध्ये, किडनी निम्मी होणं, निकामी होणं किंवा किडनी वा हृदयविकाराने मृत्यू, यांचं एकत्र प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. त्याच वर्षी भारतात डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट संपलं, त्यामुळे ती आता स्वस्त आहे. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं, ते अपेक्षितच आहे. ताप, उलट्या-जुलाब, ऑपरेशन आणि नवरात्रासारखे कडक उपास असतील त्या दिवसांत ती बंद ठेवायची, नाहीतर साखर नॉर्मल दिसत असताना कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठून होणारा धोकादायक बिघाड) होऊ शकतो. फिनेरेनोन आणि सेमाग्लुटाइड ही औषधं म्हणजे पुढच्या दोन पायऱ्या. पहिली पोटॅशियम ४.८ च्या खाली असेल तरच. मेटफॉर्मिन चालू असेल तर ईजीएफआर ३० च्या खाली ती बंद करायची असते, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. आणि ‘लो सोडियम’ मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. सैंधवही मीठच आहे.

याचं गणित मांडून बघा. ईजीएफआर वर्षाला ५ ने उतरत असेल तर २८ वरून ८ वर यायला चार वर्षं. तो वेग निम्मा झाला तर आठ. कोणाला किती फरक पडेल हे लघवीतल्या प्रोटीनवर, रक्तदाबावर आणि सुरुवात किती उशिरा झाली यावर अवलंबून असतं, त्यामुळे वडिलांचे आठच होतील असं सांगता येत नाही. तीन महिन्यांनी अल्ब्युमिनचा रेशो ११०० वरून ३० टक्के किंवा जास्त उतरला तर आपण बरोबर वाटेवर आहोत असं धरायचं.

साडेचार लाख बाजूला काढलेच असतील तर ते दात्याच्या तपासण्या आणि प्रत्यारोपणासाठी ठेवा. ईजीएफआर २० च्या आसपास आला की घरातल्या दात्यांची रक्तगट, साखर आणि लघवीची तपासणी सुरू करायची, डायलिसिसची वाट बघायची नाही. घरात दाता नसेल तर मेंदूमृत दात्याच्या किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे लागतं. महाराष्ट्रात ही केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, आणि नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत होते. हिपॅटायटिस बी ची लस आत्ताच घ्या, दुप्पट डोसची. किडनी आणखी उतरली की ती नीट लागत नाही. आणि वडील उजव्या हाताने काम करत असतील तर आजपासून डाव्या हाताच्या शिरेतून रक्त काढू देऊ नका, सलाईनही लावू देऊ नका. डायलिसिससाठी फिस्टुला (हाताची शीर धमनीला जोडणं) करायची वेळ आली तर त्याच शिरा लागणार आहेत.